पाण्याचा दिवस कुणाच्या डोक्यात?

मे महिन्यात सासूबाई आठ दिवसांसाठी नणंदेकडे लातूरला गेल्या. जाताना शेंगाचटणीची बरणी भरली, डब्यात कडक भाकरी ठेवल्या, तुळशीला पाणी घालायला पोराला बजावलं. पाण्याचा दिवस मात्र त्यांच्यासोबतच लातूरला गेला, कारण तो कुठे लिहिलेलाच नव्हता.

सोलापूरबाहेरच्यांसाठी सांगते. आमच्या भागात नळाला चार दिवसांआड पाणी येतं. उजनीसारखं धरण जिल्ह्यात असून असं का, हा विषय मी आज काढत नाही, पोस्ट संपायची नाही. पाणी कधी पहाटे येतं, कधी रात्री दोनला. उठायचं, मोटर लावायची, हौद, वरची टाकी, मग पिंपं, घागरी, अगदी स्वयंपाकघरातली पातेलीसुद्धा. चादरी धुवायच्या त्या त्याच दिवशी. सोलापुरी चादर ओली झाली की एकट्याच्या हाताला ऐकत नाही. दोघांनी दोन टोकं धरून उलटसुलट पीळ द्यावा लागतो, तरी खाली धार लागतेच. आमच्याकडे पाहुण्यांना बोलवायचं, केस धुवायचे, गादीचे अभ्रे काढायचे, सगळं पाण्याचा दिवस बघून.

तर त्या रात्री पाणी आलं आणि आम्ही चौघं गाढ झोपलेलो. सकाळी शेजारच्या काकू म्हणाल्या, "काय ओ, रात्री तुमच्या मोटरचा आवाज नाही आला?" पुढचे चार दिवस जारचं पाणी, अर्धी बादली अंघोळ, आणि मे महिन्यातलं आमच्याकडचं ऊन. नवरा म्हणाला, "तुझ्या लक्षात कसं नाही राहिलं?"

माझ्या? मी एका कर सल्लागाराकडे हिशेबाचं काम करते. अकरा तारखेला जीएसटीआर वन, वीसला थ्री बी (ही दोन्ही जीएसटीची विवरणपत्रं), सात तारखेला टीडीएसचा, म्हणजे आधीच कापून घेतलेल्या कराचा भरणा. चाळीसेक दुकानदारांच्या तारखा मी सांभाळते आणि एकही चुकत नाही. कारण त्या लिहिलेल्या आहेत, ऑफिसात सगळ्यांना दिसतात, आणि कुणाचं काम कुठलं ते ठरलेलं आहे. घरात मात्र आपण समजतो की एका बाईच्या लक्षात असलं म्हणजे झालं नियोजन. एवढी वर्षं सासूबाईंच्या, त्यांच्यानंतर आपोआप माझ्या.

माझं मत इथेच येतं. लक्षात ठेवणं हे कामच आहे, आणि ज्याच्या लक्षात असतं त्याच्याच गळ्यात ते करणंही पडतं. 'मला सांग ना, मी करतो' म्हणणाऱ्याने अर्धं काम आधीच दुसऱ्यावर टाकलेलं असतं. ब्लूमा झायगार्निक नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1927 साली मांडलं होतं की पूर्ण झालेल्या कामापेक्षा अर्धवट राहिलेलं जास्त आठवत राहतं. घरातल्या बाईची झोप सावध का असते, ते मला यावरून कळलं.

ॲप वगैरे करून बघितलं, नाही असं नाही. ते टोमॅटोवालं तंत्र पण. फ्रान्चेस्को चिरिलो नावाच्या इटालियन माणसाने 1980 च्या दशकाच्या अखेरीस स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं घड्याळ लावून अभ्यास सुरू केला: पंचवीस मिनिटं काम, पाच मिनिटं सुट्टी. ऑफिसात छान चालतं. घरी पंचवीस मिनिटांत कुकरच्या तीन शिट्ट्या, गॅसवाला आणि "मम्मी, कंपास कुठंय" एवढं होऊन जातं.

शेजारच्या काकू विड्या वळतात. रात्री तेंदूची पानं भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची, सकाळी कात्रीने मापात कापायची, मग मांडीवर सूप घेऊन बसायचं. तंबाखू भरायची, वळायची, दोऱ्याने बांधायची, हजार होईपर्यंत. पानं रात्री भिजवायची राहिली तर सकाळी ती तडकतात. माझ्या ऑफिसातले एकजण यावर म्हणाले, "बघा, याला म्हणतात शिस्त!" मला राग आला. मजुरी हजारावर मिळते, म्हणून ती शिस्त. कुणाच्या गरजेला आपण गुण म्हणून मिरवू नये. काकूंकडून मी घेतलं ते एवढंच, की उद्याच्या कामाची सुरुवात आज रात्री होते. डबे, गणवेश, मोटरची चावी, सगळं आता रात्रीच.

बाकी तोडगा जुनाच. भिंतीवरचं कालनिर्णय. दुधाचे खाडे त्यावर लिहायची सवय होतीच, आता निळ्या पेनाने पाणी, लाल पेनाने माझ्या जीएसटीच्या तारखा, आणि प्रत्येक पाण्याच्या चौकोनात एक नाव: रात्री कोण उठणार त्याचं. सासूबाई लातूरहून आल्या, बराच वेळ बघत उभ्या राहिल्या. मला वाटलं, रागावणार. त्यांनी पेन घेतलं आणि एका चौकोनातलं स्वतःचं नाव खोडून मुलाचं लिहिलं.

परवा रात्री त्याच मुलाने, म्हणजे आमच्या ह्यांनी विचारलं, "आज पाणी आहे का गं?" मी भिंतीकडे बोट दाखवलं.

"तूच सांग की, चष्मा आत आहे."

मी भाकरी थापत राहिले. दोन मिनिटांनी हे स्वतःच चष्मा आणायला आत गेले.