लॅबचं नाव सोडा, शिकवणार कोण ते विचारा

महाराष्ट्र मंडळाच्या पंगतीत कुणाचं मूल ‘प्री-मेड’ (कॉलेजात मेडिकल प्रवेशाची तयारी करणारं) आहे असं कळलं, की अमेरिकेतली आपली मंडळी हमखास विचारतात, ‘‘रिसर्च पेपर आला का एखादा?’’ अहो, कॉलेजच्या तिसऱ्या वर्षी नावावर पेपर असणं हा बराचसा नशिबाचा भाग. प्रकल्प चार-पाच वर्षं चालतो, मूल त्यात दीड-दोन वर्षं असतं, आणि पेपर छापून येईपर्यंत मेडिकल स्कूलचा अर्ज कधीच गेलेला असतो. पेपरच्या आशेवर लॅब निवडू नका. रोज शेजारी उभं राहून शिकवणार कोण, हे बघून निवडा.

एमडीच्या, म्हणजे अमेरिकेतल्या डॉक्टरकीच्या पदवीच्या, प्रवेशासाठी बहुतेक ठिकाणी रिसर्च सक्तीचा नाही. एमडी-पीएचडी या जोडपदवीचं वेगळं, तिथे रिसर्चवर 10,000 अक्षरांचा स्वतंत्र निबंध लागतो. साध्या एमडीला एएमसीएएस या मेडिकल स्कूलांच्या सामाईक अर्जात सगळे उपक्रम मिळून 15 जागा, प्रत्येकी 700 अक्षरं. त्यातले तीन महत्त्वाचे म्हणून निवडले, तर त्यांना आणखी 1,325. म्हणजे दोन वर्षांचं काम एका परिच्छेदात मावणार आहे. कुठल्या मेडिकल स्कूलमध्ये प्रवेश घेतलेल्यांपैकी किती टक्के मुलांनी रिसर्च केला होता, हे एएएमसी या मेडिकल स्कूलांच्या संघटनेच्या एमएसएआर या माहितीसंचात दिसतं. आधी आपल्या यादीतल्या स्कूलांचे आकडे बघा. पेशंटजवळचे तास कापून लॅबचे तास वाढवणं हा तोट्याचा सौदा आहे.

आता वेळापत्रक. वेट लॅबला, म्हणजे जिथे पेशी आणि रसायनं हाताळतात तिथे, सुटे तास चालत नाहीत. एक वेस्टर्न ब्लॉट (प्रथिनं ओळखायची चाचणी) घ्या: पहिल्या दिवशी जेल, ट्रान्सफर, मग पहिली अँटिबॉडी घालून रात्रभर 4 अंशांवर, दुसऱ्या दिवशी दुसरी अँटिबॉडी, धुणं आणि फोटो. पेशी वाढवत असाल तर दर दोन-तीन दिवसांनी त्यांच्याकडे बघावंच लागतं, मग रविवार असो नाहीतर ऑर्गॅनिक केमिस्ट्रीची परीक्षा. आठवड्यात सलग चार तासांच्या दोन दुपारी मोकळ्या नसतील, तर हे झेपणार नाही. कॉम्प्युटरवरचं काम रात्री अकरालाही होतं. पण तिथे तुम्ही कुणाला दिसत नाही, आणि शिफारसपत्र पातळ होतं. समाजशास्त्र किंवा इतिहासातला रिसर्चही चालतो, प्रश्न आणि पद्धत खरी असली म्हणजे झालं. आपल्याकडे याला उगाच नाकं मुरडतात.

क्लिनिकल, म्हणजे पेशंटशी संबंधित, रिसर्च सोपा वाटतो आणि तिथेच उन्हाळा वाया जातो. चार्ट रिव्ह्यू (पेशंटच्या जुन्या नोंदी तपासणं) करायचा तर सीआयटीआयचं संशोधन-नीतीचं प्रशिक्षण हवं, आयआरबी या नीतिसमितीची मंजुरी हवी, त्यात तुमचं नाव हवं आणि हॉस्पिटलच्या सिस्टिमचं लॉगिन हवं. याला कधी काही आठवडे लागतात, कधी महिने. दहा आठवड्यांच्या सुट्टीत जूनमध्ये कागद सुरू केले, तर ऑगस्टमध्ये नुसती डेटा एंट्री पदरात पडते. फेब्रुवारीतच विचारा: मंजुरी आली आहे का, त्यात माझं नाव कधी घालणार?

लॅब शोधताना एनआयएच रिपोर्टर ही वैद्यकीय संशोधनाच्या निधीची मोफत सरकारी साइट उघडा. प्रोफेसरचं नाव टाकलं की चालू ग्रँट (संशोधनाचा निधी) आणि तिची शेवटची तारीख दिसते. सहा महिन्यांत ग्रँट संपणार असेल, तर पुढे काय ते भेटीत विचारा. दहा-बारा जणांना ईमेल करा; आठ ओळींपेक्षा मोठं नको, त्यातली एक ओळ त्यांच्या ताज्या पेपरबद्दल आणि एक तुमच्या मोकळ्या वेळांबद्दल. तुम्हाला ज्याच्या हाताखाली देणार, त्या पोस्टडॉकशी (पीएचडीनंतर लॅबमध्ये काम करणाऱ्या संशोधकाशी) वेगळं बोला. तो तीन महिन्यांत नोकरीला जाणार असेल तर तुमचा प्रकल्प पोरका होतो. आधीची कॉलेजची मुलं किती टिकली, हे त्यालाच विचारा. प्रोफेसरला बहुधा आठवत नाही.

व्हिसावर असलेल्या घरांसाठी: एनएसएफ या सरकारी विज्ञानसंस्थेच्या आरईयू या विद्यार्थ्यांसाठीच्या रिसर्च कार्यक्रमाचं मानधन फक्त नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांना मिळतं. एच-4 (एच-1बी नोकरदाराच्या कुटुंबाचा व्हिसा) वरच्या मुलाला पगार घेता येत नाही. क्रेडिटसाठी काम करता येईल का, हे हो म्हणण्याआधी कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयात विचारा.

शिफारसपत्राची तजवीज पहिल्या सेमिस्टरपासूनच. प्रोफेसर तुम्हाला महिन्यातून एकदा कॉरिडॉरमध्ये बघत असेल, तर पत्रात ‘मेहनती आहे’ एवढंच येणार. सेमिस्टरला एकदा तरी लॅब मीटिंगमध्ये स्वतःचा डेटा मांडा. पत्र पोस्टडॉकने लिहून दोघांनी सही केलेली चालते का, तेही विचारून ठेवा.

अर्जात ‘पाठवलेला’ पेपर ‘प्रकाशित’ म्हणून घालू नका. पैसे घेऊन मुलांना ‘पेपर मिळवून देणारे’ जे क्लास निघालेत, त्यांच्यापासून तर लांबच राहा. मुलाखतीत गृहीतक काय होतं, तुम्ही नेमकं काय केलंत, काय फसलं, हे विचारतात. विकतच्या पेपरवाल्याची तिसऱ्या प्रश्नाला दांडी उडते.

आणि पहिल्या सेमिस्टरच्या शेवटीही फक्त पिपेटच्या टिप्सचे डबे भरणं आणि काचा धुणंच वाट्याला येत असेल, तर स्वतःचा छोटा भाग मागा. नाही मिळाला तर दोन आठवड्यांची सूचना देऊन, आभार मानून बाहेर पडा. नोंदवही मात्र लॅबची असते, ती तिथेच ठेवा.