‘हनुवटी अजून डावीकडेच आहे’ या तुमच्या तक्रारीला दवाखान्याचं उत्तर

नमस्कार ताई,

लेकीबद्दल तुम्ही लिहिलेलं परवा रात्री वाचलं. एकच स्टार दिलात, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. मुख्य तक्रारी चार आहेत. नवरात्रीच्या आधी दातांच्या तारा निघतील असं सांगितलं होतं, दसरा होऊन गेला तरी त्या आहेतच. हनुवटी अजून डावीकडे वाटते. खालचा ओठ बधीर आहे. आणि फोन केला तर ‘सगळं नॉर्मल आहे’ एवढंच ऐकायला मिळालं. शेवटी तुम्ही लिहिलंत, ‘माझ्या मुलीवर प्रयोग केला.’ त्या वाक्याने मला रात्रभर झोप लागली नाही. मुलीचे रिपोर्ट आणि फोटो मी इथे उघडे करणार नाही. तुम्ही स्वतः जेवढं लिहिलंत तेवढ्यावरच बोलते.

आधी आमच्या चुका. नवरात्रीचा शब्द आमच्याच माणसाने दिला. तिचा वाकडा जबडा सरळ करायचं ऑपरेशन मे महिन्यातलं. त्यानंतर दात नीट बसवायला साधारण सहा महिने ते वर्ष लागतं, हे दवाखान्यात सगळ्यांना माहीत असायला हवं होतं. बडोद्यातल्या मुलीला नवरात्रीचे नऊ दिवस काय असतात हे मला कुणी सांगायला नको. तिने गरब्याचे फोटो तोंड मिटून काढले, हे तुम्ही लिहिलंत ते वाचून वाईट वाटलं. दुसरी चूक संमतीपत्राची. ते इंग्रजीत होतं, तुम्ही विश्वासाने सही केलीत. ओठ बधीर राहू शकतो हे त्यात होतं, पण समजेल अशा भाषेत समोर बसून कुणी सांगितलं नाही. आता ते मराठीत आणि गुजरातीत करून घेतलं आहे. फोनवर ‘नॉर्मल आहे’ म्हणणं हे उत्तरच नव्हतं. तिन्हींबद्दल मी माफी मागते.

आता हनुवटी. खालचा जबडा एका बाजूला जास्त वाढला की हनुवटी विरुद्ध बाजूला सरकते. शरीर ते झाकायचा प्रयत्न करतं: दात तिरके होऊन एकमेकांना गाठतात, वरचे एकीकडे, खालचे दुसरीकडे. म्हणून ऑपरेशनआधी तारा लावून ते दात आपापल्या जबड्यावर सरळ उभे करावे लागतात. तेव्हा चावा, म्हणजे वरचे-खालचे दात एकमेकांवर बसणं, आणखी बिघडलेला दिसतो. ‘तारांनी चेहरा जास्तच वाकडा झाला’ असं तुम्ही लिहिलंत, ते हेच. तो उपचाराचाच भाग होता. दात तिरके ठेवून हाड हलवलं असतं, तर हाड पूर्ण जागेवर आलंच नसतं.

लोक दातांची मधली रेघ आणि चेहऱ्याची मधली रेघ एकच धरतात. त्या तीन आहेत: वरच्या दातांची, खालच्या दातांची आणि हनुवटीच्या हाडाची. तिन्ही कपाळ, नाक आणि वरच्या ओठाच्या मधल्या खळीच्या रेषेत आणायच्या असतात. त्यातली दातांची शेवटची मिलिमीटरभर सरकवासरकव ऑपरेशननंतर रबर आणि तारांनीच होते. म्हणून तारा आत्ताच काढा ही तुमची मागणी मी मान्य करणार नाही. हाड साधारण सहा-आठ आठवड्यांत जुळतं, दातांना मात्र जुन्या जागेची ओढ बराच काळ राहते. आज तारा काढल्या तर पुढच्या वर्षी तुम्ही मला याहून कडक लिहाल, आणि ते योग्यच असेल.

सूजही दोन्ही गालांवर सारखी उतरत नाही. मोठी सूज दोन-तीन आठवड्यांत जाते, उरलेली हळूहळू. चेहऱ्याचा अंतिम आकार सहा महिने ते वर्षभराने कळतो. शिवाय चावायचे स्नायू कित्येक वर्षं एका बाजूला जास्त राबलेले असतात. हाड मध्यावर आलं तरी वरचं मांस तंतोतंत त्याच्यामागे येत नाही. मानेची सवय तर फारच चिवट. वाकडेपणा लपवायला मुलं लहानपणापासून डोकं एका बाजूला झुकवतात, आणि जबडा सरळ झाल्यावरही ते तसंच झुकत राहतं. मग हनुवटी बाजूला गेल्यासारखी दिसते. हातभर अंतरावरून काढलेल्या सेल्फीवरून तर काहीच ठरवू नका. जवळून नाक मोठं दिसतं आणि फोन जरा तिरका झाला तरी चेहरा बदलतो. पाच-सहा फुटांवरून, डोळ्यांच्या उंचीवर फोन धरून कुणाला तरी फोटो काढायला सांगा.

ओठाचं सांगते. खालच्या जबड्याच्या आतून एक नस हनुवटीपर्यंत येते आणि हाड तिच्या शेजारूनच उभं विभागावं लागतं. ती ताणली जाते. मुंग्या येत असतील, टोचल्यासारखं होत असेल, तर नस जागी होते आहे. सुधारणा वर्षभर चालू राहू शकते. पण काही जणांना ओठाचा किंवा हनुवटीचा एखादा भाग कायमचा थोडा बधीर राहतो. तिला तसं होणार नाही अशी खात्री मी देऊ शकत नाही. तोवर चहा आधी वरच्या ओठाला लावून बघायला सांगा. खालचा भाजला तरी कळणार नाही.

‘प्रयोग’ हा शब्द मात्र मला मान्य नाही. खालचा जबडा तोंडाच्या आतून असा विभागण्याची पद्धत ट्राउनर आणि ओब्वेगेझर या सर्जननी १९५७ मध्ये इंग्रजीतून मांडली. तेव्हापासून जगभरचे सर्जन ती वापरतात आणि सुधारत आले आहेत. ऑपरेशनला पर्याय होता: फक्त तारा लावून दात आणखी तिरके करून चावा जुळवणं. हनुवटी तिथेच राहिली असती. ऑपरेशनचा सल्ला मी दिला होता, आजही देईन.

वर्षभराने सूज पूर्ण उतरल्यावर मोजून हनुवटी खरंच बाजूला राहिलेली दिसली, तर तेवढंच हाड सरकवायचं लहान ऑपरेशन असतं. त्याचा निर्णय आज घ्यायचा नाही, आणि तो तिने घ्यायचा, तुम्ही किंवा मी नाही.

गुरुवारी दुपारी तिला घेऊन या. ती वेळ तुमच्यासाठीच ठेवली आहे, फी नाही. आधीचे आणि नंतरचे एक्स-रे शेजारी लावून तिन्ही रेघा तुमच्यासमोर मोजू. सगळ्या कागदांच्या प्रतीही तयार आहेत, दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं असेल तर जरूर घ्या. येताना तिचा दहावी-बारावीतला समोरून काढलेला एखादा फोटो आणा. डोकं कुठल्या बाजूला झुकायचं, ते त्यात दिसेल.