कापो इन बी आणि दादाचा मेसेज

त्रिएस्तमध्ये कॉफी मागायची तरी वेगळे शब्द शिकावे लागतात. उरलेली इटली जिला एस्प्रेसो म्हणते ती इथे 'नेरो'. तिच्यात फेसाळ दुधाचा थेंब पडला की 'कापो'. तीच इवल्याशा काचेच्या ग्लासात हवी असेल तर 'कापो इन बी', बी म्हणजे बिक्किएरे, ग्लास. मी माझ्या मोडक्या इटालियनमध्ये लांबलचक वर्णन करून मागितली. काउंटरवरच्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि ग्लास पुढे सरकवताना 'कापो इन बी' एवढंच म्हणून दाखवलं. दुसऱ्या दिवशी मी तसंच मागितलं. मुंबईत कुठूनही आलेला माणूस आठ दिवसांत 'कटिंग' म्हणायला लागतो, तसंच हे.

पुण्याची एक मैत्रीण इथल्या भौतिकशास्त्राच्या केंद्रात तीन महिन्यांसाठी आली होती. हे केंद्र अब्दुस सलाम यांनी १९६४ मध्ये काढलं, आणि आपल्याकडचे कितीतरी शास्त्रज्ञ इथे राहून गेलेत. तिला भेटायला आम्ही म्युनिकहून साल्झबुर्गमार्गे गाडीने आलो. ऑक्टोबर होता. खिशातल्या फोनवर मात्र एप्रिलपासूनचंच भांडण चालू होतं. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय निघाला, जूनअखेर तो मागे घेतला गेला, पण आमच्या घरच्या ग्रुपवर तह काही झाला नाही. डोंबिवलीच्या आतेभावाने, म्हणजे दादाने, लिहिलं होतं, "तुला काय, तिकडे सगळे गुण्यागोविंदाने राहतात. इथे येऊन बघ."

गुण्यागोविंदाने म्हणावं असंच हे गाव दिसतं. मुख्य चौकाला तीन बाजूंनी महालासारख्या इमारती, चौथ्या बाजूला थेट समुद्र. त्यातली एक इमारत लॉइड या जहाज कंपनीची. सुएझ कालवा झाल्यावर तिच्या बोटी इथून मुंबईला जात. गावातल्या छोट्या कालव्याच्या टोकाशी निळ्या घुमटांचं सर्बियन चर्च, समुद्रालगत ग्रीकांचं, जरा आत १९१२ मधलं भलंमोठं सिनेगॉग. १७१९ मध्ये सम्राट सहाव्या चार्ल्सने इथे खुलं बंदर जाहीर केलं, त्याचा हा पसारा. आधी जकात माफ झाली, सहिष्णुता वगैरे मागाहून आली.

जेवणही तसंच सरमिसळ. 'योता' म्हणजे घेवड्याची घट्ट आमटीच, फक्त आंबटपणा चिंचेऐवजी आंबवलेल्या कोबीचा. 'बुफे' म्हणतात त्या खानावळींत उकडलेलं डुकराचं मांस देतात आणि वर 'क्रेन' नावाचं पांढरं मूळ किसतात. दिसायला ओलं खोबरं. मी चमचाभर तोंडात टाकलं आणि नाकातून कानापर्यंत जाळ झाला. शब्द मूळचा स्लाव्ह, ऑस्ट्रियातही तोच चालतो, इथे तो त्रिएस्ती.

या त्रिएस्ती बोलीचं मला विशेष वाटलं. ग्रीक आले, ज्यू आले, जर्मन आले, आणि बाजारात हीच चालते म्हणून तीच बोलू लागले. लेखक जेम्स जॉइस १९०४ मध्ये इथे इंग्रजी शिकवायला आला. त्याची दोन्ही मुलं इथे जन्मली आणि ते कुटुंब पुढे पॅरिसला गेल्यावरही घरात त्रिएस्ती बोलत राहिलं. आयरिश माणसाकडून हे कुणी दम देऊन करून घेतलं नव्हतं.

दादाला एवढंच लिहून मोकळी झाले असते. पण मैत्रिणीने फिल्त्सी रस्त्यावरची एक इमारत दाखवली. नारोदनी दोम, इथल्या स्लोव्हेन लोकांचं भवन. थिएटर, बँक, हॉटेल, सगळं एकाच छपराखाली. १३ जुलै १९२० ला फॅसिस्टांनी ती जाळली. मग स्लोव्हेन शाळा बंद झाल्या, आडनावं बदलून इटालियन केली गेली. १९४५ मध्ये युगोस्लाव्ह सैन्य आलं, तेव्हा उलटा सूड निघाला आणि माणसं डोंगरातल्या खोल विवरांत फेकली गेली. इमारत २०२० मध्ये, बरोबर शंभर वर्षांनी, स्लोव्हेन समाजाला परत देण्याचा करार झाला. मधली बरीच वर्षं तिथे विद्यापीठाचे दुभाषे तयार होत होते. डोंगरावरच्या ओपिचिनात आता गावाची पाटी दोन भाषांत आहे. खालच्या शहरात तशी पाटी शोधावी लागते.

म्हणजे सक्ती वाईट, प्रेमाने सगळं होतं, असं मी दादाला सांगावं का? तेही खोटंच. मी जर्मन शिकले ती सक्तीनेच, परीक्षा दिल्याशिवाय पुढचे कागद हलत नव्हते. पण त्या सक्तीबरोबर ६०० तासांचा वर्ग होता आणि बराचसा खर्च सरकारने केला होता. आपल्याकडे टॅक्सीवाल्याला मराठी येत नाही म्हणून कानाखाली वाजवणारे व्हिडिओ टाकतात. त्याला रात्री दहानंतर, धंदा संपल्यावर मराठी शिकायला कुठे जायचं, हे त्यांतलं कुणी सांगत नाही. आणि आपण तरी? गेल्या खेपेला डोंबिवलीत मी रिक्षावाल्याला "स्टेशन चलोगे?" विचारलं. "बसा ताई," म्हणाला. जालन्याचा होता. दादा शेजारीच होता, तोही त्याआधी हिंदीतच हात करत होता.

पहिलीपासून हिंदी नको, या बाबतीत मी दादाच्याच बाजूची आहे. पण पाटीला काळं फासणारे हात आणि चौकात माणूस धरणारे हात एकच व्हायला फार वेळ लागत नाही, हे मला त्या इमारतीसमोर उभं राहून पटलं.

हे सगळं, कॉफी आणि जॉइससकट, मी हॉटेलात बसून ग्रुपवर लिहिलं. लेक बाजूला आयपॅडवर होता, त्याने भूक लागल्याचं जर्मनमध्ये सांगितलं. दादाचं उत्तर सकाळी आलं.

"त्या जॉइसची पोरं घरात तिथली बोली बोलायची म्हणतेस. अर्णव घरात काय बोलतो?"

दोन निळ्या टिका त्याला दिसल्या असणार. मी अजून काही लिहिलेलं नाही.