‘गॅस असेल’, ‘वय झालं’, ‘उष्णता वाढली’

आपल्या घरांत आजारपणाची उत्तरं आधीच ठरलेली असतात. छातीत जड वाटलं की गॅस. पाय बधिर झाले की वय. तोंड आलं की उष्णता. केस गळायला लागले की बोरिंगचं पाणी. थकवा आला की ‘लग्नसराई होती ना, दमली असशील’. उत्तर इतक्या पटकन येतं की प्रश्न कुणी विचारतच नाही. लक्षणं दिसतात, अख्ख्या घराला दिसतात, पण त्यांना काहीतरी नाव देऊन आपण मोकळे झालेले असतो. आजार उशिरा कळायचं हे फार मोठं कारण आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

मी इंदूरमध्ये एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. सकाळी पोहे-जलेबीचे ठेले लागतात त्या सुमारास माझी गाडी रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर अशी फिरत असते, उपाशीपोटीचं सँपल घ्यायला. मी डॉक्टर नाही. निदान करणं माझं काम नाही आणि ही पोस्ट वाचून कुणी घरबसल्या ते करूही नये. पण लोकांच्या घरात, त्यांच्या पलंगाच्या कडेला बसून मला जे दिसतं ते दवाखान्यात पाच मिनिटं भेटणाऱ्या डॉक्टरांना दिसायची सोयच नसते. म्हणून लिहितेय.

कोपरापाशी शीर सापडली नाही की हाताच्या पाठीवरची बघावी लागते. मग मी बांगड्या वर सरकवायला सांगते. एखादीच्या पाटल्या सरळ कोपरापर्यंत जातात आणि ती कौतुकाने सांगते, ‘अगं, पूर्वी साबण लावून काढाव्या लागायच्या!’ शेजारी उभी असलेली जाऊ म्हणते, बघा कशी छान बारीक झालीय. मी विचारते, डाएट चालू आहे का? नाही. चालायला जाता? नाही. मग सहा-आठ महिन्यांत एवढं वजन गेलं कुठे? भरपूर खाऊनही वजन उतरत असेल तर थायरॉइड जास्त काम करत असेल किंवा शुगर असेल. भूकच मेली असेल तर टीबीपासून कॅन्सरपर्यंत काहीही असू शकतं. न ठरवता उतरलेलं वजन हे अभिनंदन करण्यासारखं नसतं, एवढं तरी लक्षात ठेवा. याच्या उलटही होतं. बांगडी जागची हलत नाही, अंगठी रुतते, सकाळी डोळ्यांखाली सूज असते. तिथे थायरॉइड मंद झालेलं असू शकतं, किडनीही असू शकते.

एका घरची गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण अशी घरं मला फार भेटतात. सूनबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या आणि निवडता निवडता चिमूट-चिमूट तोंडात टाकत होत्या. मी म्हटलं, अहो, उपाशीपोटी सँपल द्यायचंय ना? सासूबाई हसून म्हणाल्या, ‘तिला कच्चे तांदूळ खायची खोडच आहे, माहेरून घेऊन आलीय.’ हात हातात घेतला तर नखं पांढरट, मधे खोलगट झालेली, पाण्याचा थेंब ठेवला तर राहील अशी. डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली, आत लाली नावालाही नव्हती. हिमोग्लोबिन सातच्याही खाली निघालं. बाई रोज दोन मजले पाण्याच्या बादल्या चढवत होती.

कच्चे तांदूळ, खडू, पाटीवरची पेन्सिल, माती, फ्रीजमधला बर्फ कडाकडा चावून खाणं, ही भूक अनेकदा शरीरातलं लोह संपत आल्यावर लागते. डॉक्टरांना हे लक्षण चांगलं ओळखीचं आहे, घरात मात्र त्याला खोड म्हणतात. बाईचं हिमोग्लोबिन 12 च्या वर हवं. 2019 ते 2021 मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायका या रेषेच्या खाली निघाल्या. म्हणजे निम्म्याहून जास्त! म्हणूनच ‘आमच्याकडे सगळ्यांचंच असं असतं’ हे वाक्य खरं असतं, आणि म्हणूनच ते घातक आहे. सगळ्यांचं आहे म्हणून ते बरोबर होत नाही.

त्या घरी कारण पाळीचं निघालं. दिवसदिवस अंगावरून खूप जायचं, गाठी पडायच्या, रात्री उठून कपडा बदलावा लागायचा. वर्षानुवर्षं. आई, मावशी, बहीण सगळ्यांचं तसंच, म्हणून त्यात कुणाला काही वेगळं वाटलं नव्हतं. लोहाच्या गोळ्या मिळाल्या होत्या, पण त्या चहाबरोबर घेत होत्या. चहा लोह अंगी लागू देत नाही. गोळी आणि चहा यांत तासभर तरी अंतर हवं, आणि वर लिंबू पिळलेलं पाणी घेतलं तर उत्तम. गोळी चालू असताना शौचाला काळपट होतं, त्याने घाबरून गोळी बंद करू नका. पण लोहाची गोळी चालू नसताना डांबरासारखं काळं, चिकट शौचाला होत असेल तर पोटात आत कुठेतरी रक्त जात असू शकतं. तेव्हा त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं.

बायकांशी आणखी एक बोलायचंय. पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर एक डाग जरी दिसला तरी दाखवायचं. ‘उष्णतेने झालं असेल’ म्हणून धने-जिऱ्याचं पाणी पीत बसायचं नाही. बहुतेक वेळा किरकोळ कारण निघतं, पण गर्भाशयाच्या कॅन्सरची पहिली खूण हीच असते आणि त्या टप्प्यावर तो बरा होण्याची शक्यता खूप चांगली असते. लाजेपायी महिने घालवलेल्या बायका मी पाहिल्यात. त्यांचा मला राग येत नाही. विचारायला घरात कुणी नसतं याचा येतो.

आता शुगर. जुनी माणसं सांगायची, लघवीला मुंग्या लागल्या की मधुमेह समजावा. बरोबरच आहे, पण याचा उलटा अर्थ लावणारे लोक मला दर आठवड्याला भेटतात: मुंग्या नाहीत, म्हणजे शुगर नाही. रक्तातली साखर साधारण 180 च्या वर गेली की मगच किडनी ती लघवीत सोडू लागते. मुंग्या येईपर्यंत थांबलात तर पुष्कळ उशीर झालेला असतो. उपाशीपोटी 126 किंवा त्याहून जास्त, किंवा तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी 6.5 किंवा जास्त, आणि दुसऱ्या तपासणीतही तेच आलं, की मधुमेह ठरतो. तिथपर्यंत पोहोचताना शरीर बारीकसारीक गोष्टी सांगत असतं. रात्री दोन-तीनदा लघवीला उठावं लागतं. चष्म्याचा नंबर सारखा बदलतो. जखम लवकर भरत नाही. मानेवर काळपट, मखमलीसारखा जाड पट्टा येतो आणि मुलीची आई तो मळ समजून दगडाने घासत बसते. तो मळ नसतो हो! इन्सुलिन नीट काम करत नसल्याची ती बहुतेक वेळा खूण असते, शाळकरी मुलांमध्येही.

एक आजोबा मला दार उघडायला आले तेव्हा एका पायात चप्पल होती, दुसरा पाय अनवाणी. दुसरी चप्पल मागे गॅलरीत राहिली होती, आणि ती पायातून निघाली हे त्यांना कळलंच नव्हतं. सून म्हणाली, ‘विसरभोळे झालेत हल्ली.’ विसरले नव्हते ते. शुगर वाढलेली राहून राहून पायाच्या नसा मरत जातात आणि पावलांना जाणीव उरत नाही. अशा पायाला खडा रुतला, गरम पाण्याने भाजलं तरी कळत नाही, फोड होतो, चिघळतो, आणि मग पाय कापायची वेळ येते. शुगर असलेल्या प्रत्येकाने रोज रात्री तळपाय आरशात बघावेत. स्वतःला वाकता येत नसेल तर घरातल्या कुणीतरी बघावेत. पायाला हात लावून नमस्कार करतोच ना आपण? मग बोटांच्या बेचक्यांतही बघा.

गॅसवर मला सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण या शब्दाने माणसं जाताना बघितली आहेत. आपलं इंदूर खाणारं गाव. रात्री सराफ्याच्या खाऊगल्लीत भुट्ट्याचा कीस आणि गराडू झालेले असले की छातीत भरून येण्याला कारण आयतं हाताशी असतं. मग सोडा, हिंग, ओवा, पाठीवरून हात. पण एक फरक असा आहे की तो कुणालाही ओळखता येईल. चालल्यावर, जिना चढल्यावर, भरल्या पोटी घाईने निघाल्यावर छातीत आवळतं आणि थांबलं की पाच-दहा मिनिटांत ओसरतं, असं होत असेल तर तो गॅस नाही असं समजून चाला. गॅसला जिना कळत नाही. राजवाड्याहून कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपर्यंत जाताना वाटेत तीनदा थांबून दुकानं बघणारे काका तुमच्या घरात असतील तर ते दुकानं बघतायत की धाप आवरतायत, हे एकदा सोबत चालून बघा. छातीत काही नाही, पण पोटऱ्या आवळून येतात आणि थांबलं की बरं वाटतं, असं सांगत असतील तर पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या असू शकतात. अशा माणसाच्या हृदयाचीही तपासणी व्हायला हवी.

बायकांमध्ये आणि शुगर असलेल्यांमध्ये तर छाती दुखेलच असंही नाही. जबडा दुखतो, दोन खांद्यांच्या मधे पाठ दुखते, मळमळतं, गार घाम फुटतो, अचानक हातपाय गळून जातात. बाई दाताच्या डॉक्टरकडे जाऊन येते. असा त्रास बसल्या जागी सुरू झाला आणि थांबेना, तर ईसीजी असलेल्या दवाखान्यात जायचं, सकाळची वाट बघायची नाही. आणि पहिला ईसीजी चांगला आला म्हणून उठून घरीही यायचं नाही. सुरुवातीला तो साफ असू शकतो, म्हणून डॉक्टर थोड्या वेळाने पुन्हा काढतात, हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं ट्रोपोनिन बघतात. एका ओळखीच्या घरी याच मुद्द्यावर भांडण झालं होतं, ‘पैसे काढायला थांबवून ठेवतात’ म्हणून. थांबले, म्हणून वाचले.

पलंगाशेजारी बसल्यावर माझी नजर उशांकडेही जाते. पूर्वी एका उशीवर झोपणारा माणूस आता तीन उशा लावतो, किंवा रात्री उठून खुर्चीत बसून झोपतो, आणि संध्याकाळी मोज्याचा वळ घोट्यावर खोल उमटतो. आडवं झाल्यावर धाप लागणं हे हृदय थकल्याचं लक्षण असू शकतं. डॉक्टरांना ‘दम लागतो’ एवढंच सांगू नका, उशांचं आवर्जून सांगा.

तरुण मुलांच्या आयांनो, पानी पताशे, म्हणजे पाणीपुरी, खाताना मुलाकडे बघा. अख्खा पताशा तोंडात मावत नसेल, तोडून खात असेल, जरा तिखट लागलं तरी आग होते म्हणत असेल, तर सुपारी-गुटख्याने गालाची आतली कातडी आखडू लागली असावी. आपल्या मध्य प्रदेशाने देशात सगळ्यात आधी, 1 एप्रिल 2012 पासून, गुटख्यावर बंदी आणली. तेव्हापासून मसाल्याची पुडी वेगळी आणि तंबाखूची वेगळी, दोन्ही एकत्र करून खातात. नुसती सुपारीही कॅन्सर करते. तोंडातला फोड दोन-तीन आठवड्यांत भरला नाही तर दाखवायचाच. तो दुखत नाही म्हणून सोडून देणं तर आणखी वाईट.

मी लॅबमध्ये काम करत असूनही हे सांगते: ‘फुल बॉडी चेकअप’च्या पॅकेजवर विसंबू नका. सत्तर-ऐंशी तपासण्यांची यादी छापलेली असते, पण त्यात बीपी बहुधा नसतं, तोंडाच्या आत कुणी बघत नाही, तळपायाला हात लावत नाही, वजन गेल्या वर्षी किती होतं ते विचारत नाही. उलट धडधाकट माणसाच्या रक्तात कॅन्सरचे मार्कर तपासून एखादा आकडा जरासा वर निघतो आणि घर महिनाभर झोपत नाही. बीपी मात्र मोजा, वर्षातून एकदा तरी, कारण त्याचं बहुतेकांना काहीच लक्षण नसतं. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, आणि 140/90 च्या वर वर्षं निघून जातात. ते फक्त दंडावर पट्टा बांधल्यावरच दिसतं.

पॅरालिसिसचं शेवटी लिहितेय, कारण तिथे तासांचा हिशोब आहे. बोलता बोलता जीभ जड झाली, तोंड एका बाजूला ओढलं गेलं, हातातून कप निसटला, आणि दहा मिनिटांत सगळं पूर्ववत झालं. घरचे देवाला हात जोडतात आणि विषय संपतो. संपत नाही. मोठ्या झटक्याआधीची ती सूचना असू शकते, आणि पुढचे काही दिवसच सगळ्यात धोक्याचे असतात. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. आणि पूर्ववत झालं नाही तर तेल चोळणं नाही, तोंडात पाणी-औषध घालणं नाही, कारण गिळता न आल्यास ते फुप्फुसात जातं. 108 ला फोन करा आणि ज्या दवाखान्यात सीटी स्कॅन आहे तिथेच न्यायला सांगा. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि हे तास तुम्हाला कळल्यापासून मोजत नाहीत, माणूस शेवटचा ठीक दिसला तेव्हापासून मोजतात. म्हणून निघताना घड्याळ बघा आणि घरातल्यांना विचारून घ्या: सकाळी चहा कुणी दिला, किती वाजता, आणि तेव्हा ते नीट बोलत होते का.