लोखंडाची मालगाडी

माझ्या आजाराचं नाव पॉलिमायल्जिया रुमॅटिका, म्हणजे खांदे-कंबर आखडून दुखणं. सासूबाईंनी ते एकदाच ऐकलं आणि त्याचं 'पोळीमायल्जिया' करून टाकलं. त्यांना तरी काय म्हणणार? आजार पहिल्यांदा दिसला तो पोळपाटावरच. खांदे असे आखडले की लाटणं पुढे सरकेना. वेणी घालायला हात डोक्यापर्यंत पोचेना. धंतोलीतल्या डॉक्टरांनी रक्त तपासून प्रेडनिसोलोन नावाचं स्टेरॉइड सुरू केलं, दिवसाला १५ मिलिग्रॅम, आणि तिसऱ्या दिवशी मी माळ्यावरचे डबे उतरवत होते. सासूबाईंनी खालून विचारलं, "काऊन वं, तुले तर हात वर करता येत नव्हता ना?"

स्टेरॉइड एकटं येत नाही, वऱ्हाड घेऊन येतं. डॉक्टरांनी कागदावर हाडाचं चित्र काढून समजावलं: हे औषध आतड्यातून कॅल्शियम नीट आत येऊ देत नाही, आलेलं लघवीवाटे सांडवतं आणि वर हाड बांधणाऱ्या गवंड्यांना रजेवर पाठवतं. म्हणून कॅल्शियम रोज दोनदा. ते आतड्यातून उचललं जावं म्हणून ड जीवनसत्त्व, आठवड्यातून एकदा. हाडांच्या तपासणीचा आकडा नाराज करणारा आला म्हणून हाडांची झीज रोखणारं अलेंड्रोनेट, तेही आठवड्यातून एकदा. थायरॉइडची गोळी माझी जुनी सोबतीण. हिमोग्लोबिन खाली, म्हणून लोहाची गोळी. झाल्या सहा.

ड जीवनसत्त्व कमी निघाल्याचं मला फार वाईट वाटलं. नागपुरात राहून उन्हाची कमतरता! पण डॉक्टर म्हणाले, तुम्ही उन्हात जाता कशा ते सांगा. डोक्याला दुपट्टा, हातात कोपरापर्यंत मोजे, डोळ्यांवर गॉगल. मे महिन्यात पारा ४५ वर गेला की आम्ही बायका सूर्याला नखसुद्धा दाखवत नाही.

तर गोळ्या सहा. गिळायला मिनिटभर. खरी भानगड त्यांच्यामधल्या अंतरांची आहे. थायरॉइडची गोळी रिकाम्या पोटी, वर अर्धा-पाऊण तास चहा नाही, आणि कॅल्शियम तिच्यापासून चार तास लांब. लोहाचं आणि कॅल्शियमचं मुळीच पटत नाही, मध्ये निदान दोन तास हवेत. लोह आणि थायरॉइड यांच्यातही चार तास. स्टेरॉइड सकाळी, भरल्या पोटी. पोटाला जपायचं म्हणून नाश्त्यानंतर, आणि सकाळीच अशासाठी की शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, कॉर्टिसॉल, तेही पहाटेच वर चढतं. उशिरा घेतली तर रात्रभर छताचा पंखा मोजत बसा.

हा कागद घेऊन मी घरी आले आणि आमच्या ह्यांच्या अंगात वीज संचारली. हे रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसातून निवृत्त झालेले. ज्या गावात हावडा-मुंबई आणि दिल्ली-चेन्नई लाइनी एकमेकींना छेदून जातात, त्या गावात ह्यांनी ३४ वर्षं गाड्या एकमेकींवर आदळू दिल्या नाहीत. निवृत्तीनंतर सांभाळायला फक्त दूधवाला आणि मोलकरीण उरली होती, आणि दोघंही ह्यांचा सिग्नल पाळत नसत.

ह्यांनी जुन्या कपाटातून रंगीत पेन्सिली काढल्या, आलेखाचा कागद फ्रिजवर चिकटवला, आडवे तास आखले. निळी रेघ थायरॉइड, सकाळी ६. हिरवी रेघ स्टेरॉइड, ८.३०. पिवळी कॅल्शियम, दुपारी १ आणि रात्री ८, जेवणासोबत. कार्बोनेटचं कॅल्शियम आहे, त्याला पोटातलं आम्ल लागतं, नुसतं पाण्यावर घेऊन फार भागत नाही. "एका ब्लॉक सेक्शनमध्ये एकच गाडी," हे म्हणाले, आणि मला आपण माणूस नसून बडनेरा-वर्धा सेक्शन आहोत असं वाटू लागलं.

पहिलं भांडण वजनावरून झालं. पाकिटावर १२५० मिलिग्रॅम लिहिलेलं. "डॉक्टर म्हणाले दिवसाला हजार, आणि हे दोन वेळचे अडीच हजार! ओव्हरलोड!" हे तसेच पाकीट घेऊन औषधाच्या दुकानात गेले आणि नरम होऊन परतले. १२५० हे कॅल्शियम कार्बोनेटचं वजन, त्यात निव्वळ कॅल्शियम ५००. "म्हणजे वॅगन धरून १२५०, माल ५००," त्यांनी मला समजावलं, जणू भांडण मीच काढलं होतं. दोन्ही एकदम घेऊन मोकळं का होऊ नये, यालाही उत्तर होतं: एका वेळी साधारण ५०० च्या वर आतडं नीट उचलत नाही. यार्डात जागा नाही.

रविवार मात्र ह्यांनाही जड गेला. अलेंड्रोनेट उठल्याबरोबर, उपाशीपोटी, ग्लासभर साध्या पाण्यासोबत. नंतर अर्धा तास ताठ बसायचं किंवा उभं राहायचं. आडवं व्हायचं नाही, नाहीतर गोळी अन्ननलिकेला चिकटून जाळते. चहा नाही, दुसरी गोळीही नाही. आणि तिकडे थायरॉइडही रिकाम्या पोटासाठी अडून. दोन सुपरफास्ट, प्लॅटफॉर्म एक. डॉक्टरांना फोन करून निकाल लागला: आधी अलेंड्रोनेट, अर्ध्या तासाने थायरॉइड, त्यानंतर आणखी अर्धा तास थांबून चहा.

नेमक्या पहिल्याच रविवारी सकाळी साडेसहाला माझा दीर तर्री पोहे बांधून घेऊन हजर झाला. मी सोफ्यावर काठी गिळल्यासारखी बसलेली, हे समोर घड्याळ धरून उभे, मध्ये टीपॉयवर पिशवीतून तर्रीचा वास सुटलेला. स्टेरॉइडने आधीच माझ्या भुकेला पंख फुटलेले. मला सकाळी अकराला संत्रा बर्फीची स्वप्नं पडतात आणि जेवणानंतरची साखर चढते म्हणून ती स्वप्नातच ठेवावी लागते. दीर म्हणाला, "वहिनी, थंडे होऊन राहिले ना पोहे." सासूबाई म्हणाल्या, "आजारी दिसते बापा, पड ना थोडी." हे ओरडले, "आडवी होऊ नको!" दिराने घाबरून पिशवीच उचलली.

ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची कॅप्सूल रविवारीच, पण दुपारी, वरणावर तूप असताना. हे जीवनसत्त्व स्निग्धात विरघळतं, म्हणून सासूबाईंना वैद्यकशास्त्रातलं एवढं एकच कलम मनापासून पटलं. तिच्यावर ह्यांनी लाल पेन्सिलीने दोन रेघा मारल्यात, कारण आमच्या एका नात्यातल्या मावशींनी आठवड्याची कॅप्सूल रोज घेतली होती. रक्तातलं कॅल्शियम इतकं चढलं की ओकाऱ्या, बडबड आणि शेवटी सलाइन. शेजारच्या काकू परवा आमच्या चार्टचा मोबाइलवर फोटो काढत होत्या, तेव्हा हे दारातच आडवे आले. "हा आमच्या सेक्शनचा चार्ट आहे. तुमच्या गाड्या वेगळ्या. तुमच्या डॉक्टरांना विचारा."

इतकं सगळं बसलं, पण लोह काही बसेना. ह्यांनी ते दुपारी चारला टाकलं. गणितात चोख! दुपारच्या कॅल्शियमपासून तीन तास, रात्रीच्यापासून चार. पण चार ही आमच्या घरी चहाची वेळ, आणि चहा लोह शोषू देत नाही. मी सकाळचा चहा लांबवला, रविवारचे पोहे सोडले, बर्फी सोडली. चारच्या चहापाशी मात्र मी रुळावर आडवी पडले.

आठवडाभर घरात तणाव होता. मग एका रात्री पावणेअकराला हे पाणी प्यायला उठले आणि मी जागीच दिसले. स्टेरॉइड सकाळी घेऊनही माझी झोप अर्ध्यावरच असते. हे बराच वेळ फ्रिजसमोर उभे राहिले. रात्रीचं कॅल्शियम आठला. पुढे पहाटेपर्यंत लाइन रिकामी.

"लोखंड ना?" हे म्हणाले. "लोखंडाची मालगाडी रात्रीच सोडतात."

आता स्टेरॉइड १५ वरून ७ वर आलंय, महिन्याला एकेक मिलिग्रॅम उतरतंय. एकदम सोडायचं नाही, कारण शरीराचा स्वतःचा कारखाना इतके दिवस बंद आहे आणि त्याला सुरू व्हायला वेळ लागतो. हे त्याला ब्रेकिंग डिस्टन्स म्हणतात. रोज चारला सासूबाई आणि मी आल्याचा चहा घेतो. रात्री पावणेअकराला अजनीकडून एखाद्या मालगाडीची शिट्टी ऐकू येते. ज्यांनी ३४ वर्षं नाइट ड्यूटी केली ते हे तोवर घोरायला लागलेले असतात. मी गोळी हातात घेऊन त्यांना कोपराने ढोसते.

"अहो, सोडू का?"

डोळे मिटलेलेच असतात. "लाइन क्लिअर," म्हणतात आणि कूस बदलतात.