तीन कोऱ्या उत्तरपत्रिका

३२ वर्षे मराठी शिकवली आणि त्यांपैकी १९ वर्षे दहावीच्या उत्तरपत्रिका तपासल्या, त्यामुळे दिसेल त्या वस्तूला शंभरापैकी गुण देण्याची खोड मला जडली आहे. शेजारच्या मुंजीतली जिलबी, ग्रामपंचायतीने बांधलेला साकव, दशावतारातला संकासुर, सगळे माझ्या लाल शाईखालून गेलेले आहेत. ही खोड ठाऊक असल्यामुळेच जिन नावाची दारू गाळणाऱ्या गोव्यातल्या एका लहानशा कारखान्यात कामाला लागलेल्या माझ्या भाच्याने मे महिन्याच्या अखेरीस अ, ब, क अशी अक्षरे चिकटवलेल्या तीन छोट्या बाटल्या आणि एक छापील तक्ता आमच्या वेंगुर्ल्याच्या घरी आणून ठेवला. "मामा, तुम्ही फक्त तपासा. तुमच्याइतका निःपक्षपाती माणूस आमच्याकडे नाही," असे तो म्हणाला. निःपक्षपाती याचा अर्थ मी आयुष्यात जिन चाखलेली नाही, असा होता.

आमच्या राज्यात १९४९ चा दारूबंदीचा कायदा अजून लागू आहे आणि स्वतःच्या घरात घोटभर घ्यायची तरी परवाना लागतो, हे मला नागरिकशास्त्राच्या शिक्षकांमुळे माहीत होते. निवृत्त मुख्याध्यापकाने कायदा मोडणे शोभत नाही, म्हणून मी बाजारातल्या दुकानात एका दिवसाचा पाच रुपयांचा परवाना मागायला गेलो. गल्ल्यावरचा माणूस माझाच विद्यार्थी निघाला, मराठीत काठावर ३५ गुणांनी सुटलेला. "सर, तुम्ही?" एवढे म्हणून तो बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिला आणि मग आवाज खाली आणून म्हणाला, "एका दिवसाचा कशाला? हजारात आजीवन होतो." हा परवाना प्रकृती सांभाळण्यासाठी दिला जातो, असे त्या कागदावर लिहिलेले असल्यामुळे मला जरा धीर आला. घरी पोहोचेपर्यंत मात्र माझी प्रकृती बिघडल्याची बातमी आळीभर झाली होती.

भाच्याने जाण्यापूर्वी मला विषयाचा अभ्यासक्रम समजावून सांगितला. जिन म्हणजे मुळात कोणताही वास नसलेला मद्यार्क. त्यात निरनिराळी फळे, साली, मुळे आणि मसाले घालून तो पुन्हा ऊर्ध्वपातित करायचा. यात जुनिपर, म्हणजे एका झुडपाचे बोरासारखे फळ, हा सक्तीचा प्रश्न असून त्याचा स्वाद वरचढ नसेल तर त्या पेयाला जिन म्हणता येत नाही. बाकीचे सगळे प्रश्न वैकल्पिक. भाच्याने वैकल्पिक प्रश्नांत कोकणातलेच सगळे घेतले होते: आमसूल, जायफळ, ईडलिंबाची साल, काळी मिरी, वाळा. एखाद्या बाटलीत तिरफळ, म्हणजे आमच्या माशांच्या कालवणातला तो उग्र वासाचा मसालाही असू शकेल, असेही त्याने सुचवले. मी विचारले, "जुनिपर कुठला?" तो म्हणाला, "इटलीचा." म्हणजे स्थानिक म्हणून गाजवायच्या या शाळेचे मुख्याध्यापक परगावचे होते. आयुर्वेदात जुनिपरला हपुषा म्हणतात आणि तो आपल्या हिमालयात होतो, हे मी त्याला ऐकवले, पण हिमालयही वेंगुर्ल्याला काही शेजारचा नाही, हे मलाही मान्य करावे लागले. जिन हे नाव ज्या येनेव्हरवरून आले ती डचांची दारू, आणि डचांची वखार १७व्या शतकात वेंगुर्ल्यात होती, तिचे पडके अवशेष आजही उभे आहेत. एवढ्या धाग्यावर त्याने बाटलीच्या चिठ्ठीवर वखारीचे चित्र छापायचे ठरवले होते. इतिहासाच्या पेपरात असल्या उत्तराला मी अर्धा गुण दिला असता, तोही अक्षर पाहून.

साहित्याची जमवाजमव ही वेगळीच शिक्षा होती. पेला पोटाशी फुगीर आणि तोंडाशी अरुंद हवा, म्हणजे वास आत कोंडून राहतो. आमच्या घरात या वर्णनाची एकच वस्तू आहे, ती म्हणजे गडू. देवघरातला नव्हे, दुसरा. चाखून झाल्यावर घोट थुंकण्यासाठी भांडे लागते, तेव्हा माळ्यावरून आजोबांची पितळी पिकदाणी खाली आली आणि चाळीस वर्षांनी तिला चिंच लागली. जीभ कोरी करायला बिनमिठाचे बिस्किट सांगितले होते. त्याऐवजी मी पेजेतला भात घेतला. बर्फ आणि जिनमध्ये मिसळायचे टॉनिक नावाचे सोडापाणी यांना मनाई होती, कारण थंडीने वास दबतो आणि टॉनिकमधल्या क्विनीनचा कडूपणा बाकीच्यांना बोलू देत नाही. उलट निम्मे साधे पाणी घालून ४२.८ टक्क्यांचा मद्यार्क एकवीसच्या आसपास आणायचा आणि तोंड किंचित उघडे ठेवून हुंगायचे. हे करताना मी आरशात पाहिले नाही, पण सौभाग्यवतींनी दारातून पाहिले आणि त्या काही न बोलता आत गेल्या.

तिन्ही बाटल्या पाण्यासारख्या नितळ होत्या. मी इतक्या कोऱ्या उत्तरपत्रिका यापूर्वी फक्त गणिताच्या परीक्षागृहात पाहिल्या आहेत.

सकाळी अकराला अ ची तपासणी सुरू केली. पहिल्या वासाला नाकात गंधबिरोजा, त्यामागोमाग शाळेच्या बाकांना दिलेले ताजे रोगण, असे काहीसे जाणवले. हाच जुनिपर असावा, म्हणून मी सक्तीच्या प्रश्नाचे गुण देऊन टाकले. आमसूल मात्र शोधून सापडेना. नंतर भाच्याने फोनवर सांगितले की आमसुलाचा रंग आणि आंबटपणा वाफेबरोबर वर चढतच नाही, भट्टीच्या तळाशीच राहतो. म्हणजे विद्यार्थ्याचे नाव हजेरीपटावर होते आणि विद्यार्थी वर्गात नव्हता. जी गोष्ट मात्र ओरडून हजर होती, ती म्हणजे तिरफळ. गडू नाकाशी नेला तरी तिरफळ आणि दूर ठेवला तरी तिरफळ. शेरा लिहिला: "तिरफळाचा अतिरेक. इतर घटकांस बोलण्याची संधी दिलेली नाही." गुण ३८.

तेवढ्यात आई काठी टेकत आली. तिचे वय ८८, दिसते कमी, पण वास तिला परसातल्या फणसाचाही घरात बसून येतो. तिने अ चा गडू हुंगला आणि म्हणाली, "ह्यां छातीयेक चोळूक बरां." मी तिला तपासनिसाच्या कामात व्यत्यय न आणण्याची विनंती केली.

ब हातात घेतली तोवर माझ्या नाकाने संप पुकारला होता. पुष्कळ हुंगले, भात खाल्ला, अंगणात जाऊन जास्वंदीजवळ उभा राहिलो, परंतु काही विशेष लागेना. लिहिले: "तिरफळ नाममात्र. मांडणी सपक." गुण ५४, त्यांतले चार अंतर्गत मूल्यमापनाचे. आईने गडू हुंगून सांगितले, "ह्यां तिखल्यात घाल." मी मान हलवली.

मग जेवायची वेळ झाली. पानात बांगड्याचे तिखले होते आणि ते अकरापासून चुलीवर होते. बांगड्याच्या तिखल्यात काय घालतात, हे कोकणातल्या तान्ह्या मुलालाही ठाऊक असते, पण भुकेल्या परीक्षकाला त्या वेळी दोन आणि दोन चार करणे सुचले नाही. तिखले उत्तम झाले होते. मी तीन वेळा भात घेतला आणि वामकुक्षीला गेलो.

चार वाजता क समोर घेतली, तेव्हा वारा समुद्रावरून येत होता, पोट भरलेले होते आणि मन क्षमाशील झाले होते. काय ते लेखन! जुनिपर प्रस्तावनेसारखा, मग ईडलिंबू, मधोमध जायफळ, आणि शेवटी वाळ्याच्या पडद्यावर पाणी मारल्यावर येतो तसा गारवा. मी शेवटचा घोट पिकदाणीत टाकायला विसरलो, याची नोंद तक्त्यात केलेली नाही. शेरा: "संयत, प्रौढ, आशयसंपन्न. तिरफळाचा मोह टाळला, हे विशेष कौतुकास्पद." गुण ७१. आईने गडू हुंगून म्हटले, "ह्यां पण छातीयेकच." या वयात माणसे तेच तेच बोलतात, असे मला वाटले.

तक्ता मिळाल्यावर भाचा फोनवर बराच वेळ गप्प राहिला. मग त्याने सांगितले की या पद्धतीला त्रिकोणी चाचणी म्हणतात. तीन नमुन्यांपैकी दोन अगदी एकच असतात आणि वेगळा कोणता, एवढेच ओळखायचे असते. अ आणि क एकाच पिंपातल्या होत्या आणि त्यांत तिरफळ औषधालाही नव्हते. तिरफळ होते ते ब मध्ये.

एकाच उत्तरपत्रिकेला मी सकाळी ३८ आणि दुपारी ७१ गुण दिले होते. त्या रात्री मला झोप लागली नाही. १९ वर्षांतल्या कोणत्या कोणत्या उत्तरपत्रिका मी जेवणाआधी तपासल्या होत्या, हे आठवण्याचा प्रयत्न करीत मी पहाटेपर्यंत पंख्याकडे पाहत पडलो होतो. दुकानावरचा तो मुलगा, काठावर ३५ वर सुटलेला, त्याची कदाचित अकराची असावी.

गेल्या आठवड्यात भाच्याकडून नवी पेटी आली. पाठवलेल्या चिठ्ठीत नाव आजीचे होते. हुंगायला परवाना लागत नाही, त्यामुळे माझे पाच रुपये वाचले. पेटी आली त्या दिवशी चुलीवर काय शिजवायचे, हे आईने स्वतः सांगितले, आणि पिकदाणी आता तिच्या खोलीत असते.