डायवाली मॅमोग्राफी म्हणजे "विष टोचणं"? त्या फॉरवर्डमधला एकेक मुद्दा बघू

परवा मावशीचा फोन, "अगं मी ती टेस्ट कॅन्सल करतेय." का, तर ग्रुपवर मेसेज आलाय. तोच मेसेज मला त्याच दिवशी अजून दोन जणींनी पाठवला. त्यात असं आहे की नवीन मॅमोग्राफीत (म्हणजे ब्रेस्टच्या एक्स-रेत, आम्ही या डायवालीला काँट्रास्ट मॅमो म्हणतो) किरणोत्सर्गी डाय टोचतात, त्याने किडनी जाते, रेडिएशन डबल बसतं, मशीनमध्ये ब्रेस्ट दाबल्यामुळे गाठ फुटून कॅन्सर पसरतो, साधी सोनोग्राफी पुरते आणि हे सगळं पैसे उकळायला चाललंय.

मी मॅमोच्या रूममध्येच टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही, पण दिवसभर हेच बघते म्हणून लिहितेय.

"किरणोत्सर्गी डाय": साफ खोटं. सीटी स्कॅनला देतात तेच आयोडीनवालं काँट्रास्ट असतं ते, त्यातून स्वतःहून किरण वगैरे काही निघत नाहीत, पेट स्कॅनच्या किरणोत्सर्गी इंजेक्शनशी कुणीतरी घोळ घातलाय बहुतेक. हाताला व्हेन्फ्लॉन (शिरेत घालायची छोटी नळी) लावतो, किलोमागे साधारण दीड मिली म्हणजे 60 किलोच्या बाईला 90 मिली, अंग एकदम गरम होतं, तोंडात धातूसारखी चव येते, काहींना लघवी झाली की काय असं वाटतं (झालेली नसते!), मग दोनेक मिनिटं थांबून नेहमीसारखं मशीनवर.

आता हे करायचं कशाला? तर कॅन्सरची गाठ वाढताना स्वतःसाठी नवीन रक्तवाहिन्या बनवते आणि त्या असतात कच्च्या, गळक्या, म्हणून काँट्रास्ट तिथे जास्त जमतं. दर पोझला दोन फोटो निघतात, एक कमी एनर्जीचा एक जास्त, आणि आयोडीन 33 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या पुढे एक्स-रे अचानक जास्त शोषतं, त्यामुळे दोन्ही फोटोंची वजाबाकी केली की बाकीचा टिश्यू पुसला जातो आणि जिथे आयोडीन जमलंय ती जागा उजळते. ब्रेस्ट डेन्स असेल (चरबी कमी, ग्रंथींचा टिश्यू जास्त) तर साध्या मॅमोत ती पांढरी आणि गाठही पांढरी, कापसाच्या ढिगात कापसाचा बोळा शोधल्यासारखं, तिथे याचा उपयोग. अर्थात उजळलं म्हणजे कॅन्सरच असंही नाही, फायब्रोएडेनोमाही (कॅन्सर नसलेली साधी गाठ) कधीकधी उजळतो, शेवटी बायोप्सी ती बायोप्सीच.

"किडनी जाते": यात चिमूटभर खरं आहे. किडनी आधीच खूप कमजोर असेल तर काँट्रास्ट देताना विचार करावाच लागतो, म्हणून तर आम्ही क्रिएटिनिनचा (किडनी कशी चालतेय ते दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट मागतो आणि डायबेटिसची मेटफॉर्मिन गोळी चालू आहे का विचारतो. किडनी चांगली असेल तर एका दिवसात जवळपास सगळं काँट्रास्ट लघवीवाटे बाहेर. रिऍक्शन येऊ शकते, बहुतेक वेळा पित्त उठणं, खाज, मळमळ एवढंच, पण क्वचित गंभीरही येते, म्हणून आधी कधी काँट्रास्टची रिऍक्शन आली असेल तर ते लपवू नका.

"रेडिएशन डबल": जास्त बसतं हे खरं, डबल नाही, कारण दुसऱ्या शॉटचा डोस पहिल्यापेक्षा बराच कमी असतो. शिवाय कमी एनर्जीचा फोटो साध्या मॅमोसारखाच वाचता येतो, त्यामुळे ती वेगळी काढायची गरज पडत नाही.

गाठ फुटून पसरणं वगैरेला काहीही पुरावा नाही. दुखतं मात्र, ते मी नाकारणार नाही.

"सोनोग्राफी पुरते": ब्रिटनमध्ये ब्रेड नावाची ट्रायल झाली, 2025 मध्ये लॅन्सेटला आली. डेन्स ब्रेस्टवाल्या, मॅमो नॉर्मल आलेल्या बायका घेतल्या. त्यांच्यात ऑटोमॅटिक सोनोग्राफीने हजारी 4.2 कॅन्सर सापडले, छोट्या (कमी वेळात उरकणाऱ्या) एमआरआयने 17.4 आणि काँट्रास्ट मॅमोने 19.2. जास्त सापडले म्हणून तेवढे जीव वाचले हे अजून सिद्ध नाही, पण "पुरते" म्हणणाऱ्याने हा फरक बघावा. सोनोग्राफी वाईट नाही हो, तिचं काम वेगळं.

पैशाचं म्हणाल तर इथे मी अर्धी त्या मेसेजवाल्याच्या बाजूने आहे. काहीही त्रास नसलेल्या तिशीतल्या मुलीला पॅकेजमध्ये ही टेस्ट कुणी विकत असेल तर खुशाल नाही म्हणा. टाटा मेमोरियलने मुंबईत दीड लाख बायकांवर 20 वर्षं अभ्यास केला, त्यात शिकवलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासायच्या, तर पन्नाशीच्या पुढच्या बायकांत ब्रेस्ट कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ 30 टक्क्यांनी कमी झाले. महागडं मशीन सगळ्यांनाच लागतं असं नाही.

पण मावशीचं तसं नाहीये, तिच्या साध्या मॅमोत एका बाजूला काहीतरी संशयास्पद दिसलंय आणि पेसमेकर असल्याने एमआरआयला भानगडी. तासभर बोलल्यावर तिचा शेवटचा प्रश्न, "आयोडीन म्हणजे मग मासे बंद का गं?" म्हटलं मावशी, माशांचा आणि या आयोडीनचा काही संबंध नाही, तू खुशाल बांगडा खा, फक्त गुरुवारी येताना क्रिएटिनिनचा रिपोर्ट आण.